‘टायटल क्लिअर’ करताना पुसली जाते ती कोण?

यंदाच्या आठ मार्चला आमच्या भागातल्या एका गृहनिर्माण सोसायटीने बायकांसाठी एका मालमत्ता दलालाचे भाषण ठेवले होते. विषय, ‘घर विकताना आणि घेताना’. कुटुंब सल्ला केंद्राची कार्यकर्ती म्हणून मीही गेले होते. भाषणात उपयोगी गोष्टी होत्या, हे मान्य केले पाहिजे. प्रकल्पाची रेरा नोंदणी पाहा, भाव चटई क्षेत्रावर ठरवा, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला आधी घ्या, पावतीशिवाय टोकन देऊ नका. हे सगळे योग्यच. पण त्यांनी आणखी तीन सल्ले दिले. ते आज सगळीकडे, अगदी भल्या हेतूनेही दिले जातात. ते जसेच्या तसे ऐकले तर बाई बेघर होऊ शकते. म्हणून त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला सल्ला : विकण्याआधी टायटल क्लिअर करा, बहिणींकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका.

शब्द किती साळसूद आहे पाहा. क्लिअर करायचे म्हणजे कचरा काढायचा. आणि इथे कचरा कोणता, तर बहिणीचा हक्क! वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. पण त्याच कायद्याच्या कलम 23 ने राहत्या घराची वाटणी मागायची तिला बंदी केली. भावांना वाटेल तेव्हा वाटणी होणार, तोवर बहिणीने थांबायचे. हे कलम जायला 2005 साल उजाडावे लागले. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. तो भेद 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने काढला. त्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 साली स्पष्ट केले. इतक्या वर्षांच्या झगड्यातून मिळालेला हक्क दलालाच्या वहीत मात्र ‘अडचण’ म्हणून नोंदला जातो.

आणि बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून, दिवाळीला दार उघडे राहावे म्हणून. लाखांचा हिस्सा साडीचोळीवर सुटतो आणि त्यालाच ‘तिने राजीखुशीने सोडला’ म्हणतात. माझे म्हणणे सरळ आहे. बहिणीची सही जरूर घ्या, पण हक्क सोडणारी म्हणून नव्हे, विक्रेती म्हणून. खरेदीखतात तिचे नाव भावाच्या बरोबरीने येऊ द्या आणि तिच्या हिश्श्याचा धनादेश तिच्या नावाने निघू द्या. टायटल तेवढेच क्लिअर होते. मग दलाल हा मार्ग का सांगत नाही? कारण त्याचे गिऱ्हाईक भाऊ असतो.

दुसरा सल्ला : घर बायकोच्या नावावर घ्या, एक टक्का वाचतो.

हे खरे आहे. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रियांच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या फ्लॅटवर साठ हजार रुपये. पूर्वी अट होती की असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. ती 2023 साली काढली, ते बरेच झाले. मालकीण म्हणायचे आणि विकायला बंदी करायची, ही कसली मालकी?

पण सवलतीपुरते नाव लागले म्हणून सत्ता येत नाही. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचे फ्लॅटवर एकटीचे नाव होते. हप्ते तिच्याच पगारातून जात होते. मूळ कागद मात्र नवऱ्याच्या कपाटात, आणि ‘तुला कुठे ऑफिसात खेटे घालायला लावू’ म्हणून तिच्याकडून घेतलेले कुलमुखत्यारपत्र दिराच्या नावे. घर विकायला काढले आहे, हे तिला गिऱ्हाईक बघायला आले तेव्हा कळले! याच्या उलटही दिसते. कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून बायको आहे, करारनाम्यात मात्र तिचे नाव नाही. म्हणजे फेडायला ती, मालक तो. आणि सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव आहे, यावर तर मुळीच विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

तिसरा सल्ला : घरात वाद असेल तर कोर्टात जायच्या आत सौदा उरकून टाका.

हा सल्ला हसत हसत दिला गेला आणि श्रोत्या बायकाही हसल्या. मैत्रिणींनो, मारहाण करून बायकोला माहेरी धाडायचे आणि मागे घर विकून टाकायचे, ही जुनी रीत आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 साली झाला तो यासाठीही. त्याच्या कलम 17 प्रमाणे, घर तिच्या नावावर नसले तरी सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कलम 19 खाली दंडाधिकारी त्या घराची विक्री रोखू शकतात. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली आपला 2006 चा निकाल चुकीचा ठरवून मान्य केले. तेव्हा ‘लवकर उरका’ हा व्यवहाराचा सल्ला नाही. कायद्याला चकवा देऊन बाईला रस्त्यावर आणण्याचा तो सल्ला आहे.

कुणी म्हणेल, दलाल बिचारा दलालीपुरता, घरातल्या भानगडीत त्याने का पडावे? तो पडतोच आहे, फक्त एका बाजूने. रेरा कायद्याखाली त्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि 2023 पासून महाराष्ट्रात प्रशिक्षण व परीक्षाही. वास्तू, रंगरंगोटी, स्वयंपाकघराचा ओटा यांवर बाईचे मत आवर्जून विचारणाऱ्या या व्यवसायाने तिच्या हक्काबद्दलही तिला विचारले पाहिजे. घरात राहणाऱ्या बाईला विक्री माहीत आहे का, बहिणींचा हिस्सा त्यांना मिळतो आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक सौद्यात विचारणे दलालावर बंधनकारक करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्ड मागितले, ते बाईला स्वतःच्या नावाचा कागद हवा म्हणून. आज प्रश्न घराच्या कागदाचा आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा करारनामा आणि इंडेक्स टू घेऊन यावे. तो हाताशी नसेल तर का नाही, यावरच बैठकीची सुरुवात करावी. सवलत घ्या, पण कागद आपल्या ताब्यात ठेवा. न वाचता सही करू नका. कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर वकिलाला विचारून रद्द करा. आणि कुणी ‘टायटल क्लिअर करू’ म्हणाले, तर आधी विचारा : कुणाला पुसून?