मूल आत, कडी आतून: दार तोडण्याआधी काय कराल?

जुलै २०२५. पुण्यातील कात्रज परिसरात एक आई घराला कुलूप लावून मोठ्या मुलीला शाळेत सोडायला गेली. घरात राहिलेली चार वर्षांची धाकटी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर लटकली. शेजाऱ्याची आरडाओरड ऐकून सुटीवर असलेले अग्निशमन दलाचे जवान योगेश चव्हाण वर धावले, पण दाराला कुलूप! तेवढ्यात आई परतली, कुलूप निघाले आणि चव्हाण यांनी मुलीला आत ओढून घेतले.

मुलगी वाचली. पण नांदेड-लातूरच्या प्रत्येक गल्लीत असा जवान राहत नाही. शिवाय घरोघरी याच्या उलटा प्रसंगही घडतो. खेळता खेळता मूल आतून कडी लावते. लावता येते, काढता येत नाही.

पहिली पाच मिनिटे

एकाने दाराशी बसून मुलाशी शांतपणे बोलत राहावे. बाहेर रडारड झाली की मूल जास्त घाबरते. समजत्या मुलाला "कडी वर उचल, आता बाजूला सरकव" असे एकेक सांगावे. दुसऱ्याने लगेच खिडकी गाठावी. मूल दिसत राहिले की निम्मी काळजी मिटते. गजातून काठी घालून कडी सरकते का, तेही पाहता येते. मूल बाथरूममध्ये असेल तर गिझरचे बटण आणि पाण्याचा कॉक बाहेरून बंद करावा. रात्री मेन स्विच मात्र पाडू नये, अंधाराने मूल बिथरते.

दार कधी तोडावे?

मूल बोलायचे थांबले, आत गॅस सुरू आहे, पाण्याने भरलेली बादली आहे किंवा मूल खिडकीवर चढले आहे, तर वाट पाहू नये. पण दाराला धडक देण्यापूर्वी मूल दाराला टेकून बसलेले नाही ना, याची खात्री करावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीपार असतो. तिथे थोडा उशीरही महागात पडतो.

१०१ किंवा ११२ वर फोन करायला संकोच कशाला? अग्निशमन दल फक्त आग विझवायला असते, हा गैरसमज आहे. अडकलेल्याला सोडवणे हेही त्यांचेच काम आहे. सुताराला शोधत फिरण्याआधी हा फोन झाला पाहिजे.

खरा उपाय स्वस्त आहे

आपण घराच्या फरशीवर लाखो रुपये घालतो, पण कडी मुलाच्या हाताला लागेल अशीच ठेवतो. मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर नवी कडी बसवा, खालची काढून टाका. भाड्याच्या घरात तेही जमत नसेल, तर खालची कडी दोरीने बांधून ठेवा. लॅचची दुसरी चावी खोलीबाहेर आणि घराची एक चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असू द्या. आणि "पाचच मिनिटांत येते" म्हणून लहान मुलाला कुलपात ठेवून जाऊ नका. त्याला काखेत घ्या, नाहीतर शेजारच्या काकूंकडे बसवा.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. येत्या रविवारी करून टाका.