अबोल मुलांची पहिली नोकरी

दहावी-बारावीचे निकाल लागले की, ज्या घरांत पुढील शिक्षणाबरोबर चार पैशांच्या मिळकतीचाही विचार करावा लागतो, त्या घरांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. १६-१७ वर्षांचे मूल कामाला लावायचे, पण कोठे? चटपटीत मुलांची फारशी चिंता नसते. मोबाइलच्या दुकानात, कापडाच्या पेढीवर त्यांची कोठे ना कोठे सोय लागते. चिंता असते ती पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणाऱ्या, फोन वाजला की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या, वाण्याने सुटे पैसे कमी दिले तरी तसेच परत येणाऱ्या मुलांची. 'व्यवहारात कच्चा' असा शिक्का मारून आप्तेष्ट मोकळे होतात आणि वर सल्लाही देतात : गिऱ्हाइकासमोर उभा करा, म्हणजे आपोआप तोंड उघडेल.

या सल्ल्यामागील सद्भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यातील शहाणपणाबद्दल मात्र आहे. गावोगावी मुलांना विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवत असत, हे खरे. परंतु ढकलण्यापूर्वी पाठीला वाळका भोपळा बांधलेला असे आणि पाण्यात कोणीतरी जाणता आधीच उतरलेला असे. दिवाळीच्या गर्दीत गल्ल्यावर उभ्या केलेल्या अबोल मुलाच्या पाठीला कोणता भोपळा असतो? चार दिवसांत मालक ओरडतो, गिऱ्हाईक हसते, मुलगा घरी बसतो. आणि आपल्याला कोणतेच काम जमणार नाही ही खूणगाठ मनाशी बांधतो. पहिल्या नोकरीत बसलेला हा धक्का पुढील कित्येक वर्षे पुरतो.

मराठी भाषेने या स्वभावाच्या छटा फार बारकाईने टिपल्या आहेत. बुजरा वेगळा, भिडस्त वेगळा, एकलकोंडा वेगळा. त्यांतही 'मुखदुर्बळ' हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. दुर्बलता आहे ती मुखाची. बुद्धीची, हाताची वा नियतीची नव्हे. गणेशोत्सवाच्या कोणत्याही मंडळात पाहावे. ध्वनिक्षेपकासमोर कधीही न येणारा एखादा मुलगा रात्रभर जागून संपूर्ण रोषणाईची जोडणी करत असतो आणि सकाळी सत्कार मात्र दुसऱ्याचाच होतो!

बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता खाली बसले. घेतलेली ३० रुपयांची फी त्यांनी परत केली. त्यानंतर ते राजकोटला गेले आणि अर्ज, निवेदने यांचे मसुदे लिहून देऊ लागले. त्या कामात त्यांना बऱ्यापैकी मिळकत होऊ लागली. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले, त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु मधल्या त्या मसुदे लिहिण्याच्या काळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्रीनिवास रामानुजन यांनाही १९१२ मध्ये आधार मिळाला तो मद्रास पोर्ट ट्रस्टमधील मासिक ३० रुपयांच्या कारकुनीचा. हिशेबाचे ठरावीक काम आणि त्यांच्या गणिताची कदर करणारे वरिष्ठ, एवढे त्यांना पुरेसे होते. प्रत्येक अबोल मुलात गांधी वा रामानुजन दडलेला असतो, असा याचा अर्थ नव्हे. स्वभावाला न सोसणारे काम सोडून सोसणारे काम धरण्यात कमीपणा नाही, एवढाच याचा अर्थ.

मग सोसणारे काम कोणते? येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. या मुलांना माणसेच नकोत, असे बहुधा नसते. त्यांना निर्विषय बोलणे जमत नाही. दुचाकीच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक गाडीविषयी बोलते, रोपवाटिकेत रोपाविषयी. समोर वस्तू असली की नजरेला विसावा मिळतो आणि शब्दांना विषय. वायरिंग, पुस्तकबांधणी, डीटीपी, बेकरी, शिवणकाम, औषधाच्या दुकानातील मालाची मांडणी, ग्रंथालयातील नोंदी अशा कामांत प्रथम हाताची ओळख होते, मग माणसांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारखे अभ्यासक्रम आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह मिळणारी उमेदवारी हा मार्ग तर अशा मुलांसाठी विशेष सोयीचा आहे. कारण तेथे शिकणे हेच काम असते आणि न येण्याची लाज वाटावी असे काही नसते.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. पुणे विद्यापीठाच्या याच नावाच्या योजनेत विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून शिकतात. पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळेत न रमलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता शिकली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. सहलीसारखे ते न उरकता मनापासून राबविल्यास, कोणत्या मुलाचा हात कोठे चालतो हे सोळाव्या वर्षाची वाट न पाहताच कळेल.

मात्र माणसे टाळता येतात म्हणून कोणतेही काम पत्करणे, हा दुसरा खड्डा आहे. 'घरबसल्या डेटा एंट्री' अशा जाहिराती करणारे भामटे आधी अनामत रक्कम मागतात, आणि फोन करून चौकशी करण्याचा ज्याला संकोच, तोच मुलगा त्यांना अलगद सापडतो. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हेच. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि ती घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला न रागावता नोंदवावी. रागावण्याच्या भीतीने ही मुले महिनोन् महिने गप्प राहतात.

मुखदुर्बळतेची खरी किंमत वेतनाच्या दिवशी मोजावी लागते. 'पुढच्या महिन्यात पाहू' या मालकाच्या वाक्यावर ज्याला उत्तर सुचत नाही, त्याचा पगार रखडतो, त्याचे तास वाढतात आणि सुट्टी बुडते. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना खाणीत, स्फोटकांच्या वा धोकादायक प्रक्रियेच्या कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. इतर ठिकाणीही त्यांच्याकडून सायंकाळी ७ नंतर काम करवून घेता येत नाही. हे मुलाला ठाऊक असले तरी तो बोलेलच असे नाही. म्हणून पहिल्या दिवशी वडिलांनी, काकांनी वा शेजारच्या परिचिताने बरोबर जावे. वेतन, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी तिघांच्या समोर ठरवून कागदावर लिहून घ्यावी आणि मग निघून यावे. रोज मागे जाऊन मुलाच्या वतीने बोलत राहणे हे वेगळे. त्याने मूल कायमचे पांगळे होते. घरी दोन-चार वाक्यांचा सराव करून घेणे अधिक उपयोगाचे. 'मला हे समजले नाही, पुन्हा दाखवा' हे एक वाक्य जरी जिभेवर बसले, तरी पहिला महिना निभावतो.

काही मुलांचा संकोच स्वभावाच्या मर्यादेपलीकडचा असतो, हेही मान्य केले पाहिजे. घाम फुटणे, झोप उडणे, घराबाहेर पडणेच बंद होणे अशी लक्षणे असतील, तर उपदेश थांबवून तज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून 'टेली-मानस'ची १४४१६ ही निःशुल्क सेवा उपलब्ध आहे. स्वमग्नतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे अशा मुलांच्या पालकांनी प्रमाणपत्राला कमीपणा मानू नये.

उरतो प्रश्न काम देणाऱ्यांचा. मुलाखत नावाचा प्रकार बोलक्यांच्या सोयीचा आहे. वेल्डिंगच्या कामासाठी उमेदवाराला 'स्वतःविषयी सांगा' असे विचारून काय साधते, हे विचारणाऱ्यांनाच ठाऊक! त्याऐवजी दोन दिवस कामावर ठेवावे, त्या दोन दिवसांची मजुरी चुकती करावी आणि हात पाहून निर्णय घ्यावा. दसरा-दिवाळीच्या हंगामात आपल्या बाजारपेठांतील व्यापारी जादा मुले घेतात. त्यांतील दोन जागा गल्ल्याऐवजी गोदाम, बांधणी आणि हिशेबासाठी राखणे कोणालाही जड नाही. अशा मुलाला शिकविण्यासाठी दुकानातील एकच जुना माणूस नेमून द्यावा आणि महिनाअखेरीस त्याने मागण्याची वाट न पाहता पगार त्याच्या हातात ठेवावा.