फेअरिंगची गाडी : पहिला महिना जपा!

लांबच्या प्रवासासाठी पुढे कवच असलेली मोटारसायकल घेण्याची हौस आता तरुणांपुरती राहिलेली नाही. पंचेचाळिशी ओलांडलेले शिक्षक, व्यापारीही ती घेतात. या कवचाला फेअरिंग म्हणतात. बीएमडब्ल्यूने १९७६ साली गाडीच्या चौकटीला पक्के बसवलेले पूर्ण फेअरिंग बाजारात आणले. आपल्याकडे २००३ ची करिझ्मा आणि २००७ ची पल्सर २२० यांनी अर्धे फेअरिंग गावोगावी पोहोचवले.

फेअरिंग शरीराच्या फायद्याचेच आहे. छातीवरचा वाऱ्याचा मारा कमी होतो, त्यामुळे मान, खांदे व दंड लवकर थकत नाहीत. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, अशी गाडी घेतल्यावर पहिला महिनाभर लांबचा प्रवास करू नये.

याचे कारण आपल्या सवयीत आहे. साध्या गाडीवर हँडल वळवले की दिवा व मीटरही वळतात. गाडी किती वळली, हे मेंदू त्यावरून ताडतो. पक्क्या फेअरिंगमध्ये दिवा, काच व मीटर जागेवरच राहतात, फक्त हँडल वळते. त्यामुळे सुरुवातीला गाडी वळतच नाही असे वाटते आणि माणूस हँडल जास्त दाबतो. अशा बऱ्याच गाड्यांचे हँडल कमी वळते. मग भर चौकात वळण घेताना गाडी आडवी होते. वेग नसला तरी पायाचा घोटा किंवा मनगट मोडायला एवढे पुरते.

दुसरा धोका वेगाचा. छातीवर आदळणारा वारा हा आपला न दिसणारा स्पीडोमीटर असतो. तो वारा अडला की ताशी ८० कि.मी. हा वेग ६० सारखा वाटतो. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर अंतर आधीच संपलेले असते.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवा हँडलबरोबर वळत नसल्याने कुंभार्लीसारख्या घाटात तीव्र वळणावर उजेड कठड्यावर पडतो आणि रस्ता अंधारात राहतो.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१) पहिले आठ दिवस सकाळी मोकळ्या मैदानावर सावकाश वळणे घ्यावीत. नजर मीटरवर किंवा काचेवर नको, जिकडे जायचे तिकडे ठेवावी.

२) वेग अंदाजाने ठरवू नये, मीटर पाहावा. महिनाभर रात्रीचा घाट टाळावा.

३) गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपरे सैल ठेवावीत. हँडल खाली असल्यास शरीराचा भार तळहातावर येऊन बोटांना मुंग्या येतात. दर तासाला उतरून पाच मिनिटे चालावे.

४) वारा लागत नसल्याने तहान जाणवण्याची वाट पाहू नये, थोडे थोडे पाणी प्यावे.

५) काचेवरून उसळलेला वारा हेल्मेटवर आदळून मोठा आवाज होतो. प्रवासानंतर कानात गुणगुणत असेल तर दुर्लक्ष करू नये. लांबच्या प्रवासात फोमचे इअरप्लग वापरावेत. हेल्मेट मात्र सोडू नये, मागे बसणाऱ्याचेही!

मागच्या सीटवरील व्यक्तीला फेअरिंगचा आडोसा फारसा मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण आरामात असताना मागे पत्नीची मान वाऱ्याने अवघडलेली असते. तिला विचारून थांबावे.

मानेच्या मणक्याचा त्रास किंवा मधुमेहामुळे हातापायांना बधिरता असलेल्यांनी गाडी बुक करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हौसेला मोल नसते म्हणतात. हाडांना मात्र असते. गाडी एका दिवसात घरी येते, पण शरीराला तिची ओळख व्हायला महिना लागतो. तेवढा त्याला द्यावा. गोवा कुठे पळून जात नाही.