चालत्या घरामागची मोटार

अमेरिकेच्या महामार्गावर बसएवढे एक घर पुढे धावत आहे आणि त्याच्या मागे लोखंडी दांड्यांना जोडलेली एक लहान मोटार चालकाविना निमूटपणे येत आहे, हे दृश्य तेथे मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या अनेक वाचकांनी पाहिले असेल. पुढचे ते मोटरहोम. त्यात शय्या, स्वयंपाकघर, स्नानगृह असे सर्व काही असते. मात्र एकदा तळावर उभे करून पाणी, वीज आणि सांडपाणी यांच्या जोडण्या केल्या, की केवळ दूध-भाजी आणण्यासाठी सारे घर हलविणे कोणाला परवडावे? म्हणून सोबत मोटार. या ओढल्या जाणाऱ्या मोटारीला तेथील मंडळी कौतुकाने ‘टोड’ म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘ओढलेली’ या अर्थाचा शब्द आणि एका जातीच्या बेडकाचे नाव यांचा उच्चार एकच होतो, ही त्यातील गंमत.

गंमत येथे संपते, कारण या बेडकावर वाटभर दगडांचा मारा होत असतो. आमची कन्या व जावई यंदा उन्हाळ्यात मोटरहोम घेऊन अलास्काकडे निघणार आहेत. जावयांनी दूरध्वनीवर विचारले, “बाबा, आपण बँकेत आयुष्यभर जोखीम तोलत आलात. मागच्या गाडीसाठी संरक्षक पडदा घ्यावा, की विम्यावर विसंबून राहावे?” प्रश्न व्यवहाराचा होता. ओढली जाणारी मोटार ही त्यांची नित्याच्या वापराची, परत आल्यावर सोमवारी कचेरीत नेण्याची एकुलती एक गाडी आहे.

प्रथम दगड उडतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. चालत्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या संदर्भात स्थिर असतो. टायरच्या खाचेत धरला गेलेला खडा तेथून सुटताच प्रामुख्याने वर उसळतो. पुढे जाण्याचा वेग त्याला फारसा मिळालेला नसतो. म्हणजे खडा मोटारीवर येऊन आदळतो असे म्हणण्यापेक्षा, हवेत तरंगणाऱ्या खड्यावर मोटारच जाऊन आदळते, असे म्हणणे अधिक योग्य. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 27 मीटर. दोन मीटरचे अंतर कापण्यास सेकंदाचा चौदावा भाग पुरतो आणि तेवढ्या अवधीत उसळलेला खडा बॉनेटच्या किंवा काचेच्या उंचीला सहज पोहोचलेला असतो. मोठ्या मोटरहोमला मागे जोडचाके असतात. दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड सुटला, तर तो गोफणीतून सुटावा तसा सुटतो. आपल्याकडील मालमोटारींचे जुने चालक थांब्यावर उतरून पहारीने असे दगड उकरून काढतात, ते उगाच नव्हे.

काचेचा तडा निदान दिसतो. माझ्या मते खरी धास्ती न दिसणाऱ्या इजेची आहे. मोटारीच्या तोंडाशी जाळीमागे वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. दोन्हींचे पंख नाजूक. एखाद्या अणकुचीदार खड्याने तेथे छिद्र पडले, तरी ओढताना इंजिन बंद असल्यामुळे तापमानाचा काटा हलत नाही आणि कोणताही दिवा लागत नाही. पाणी थेंबथेंब गळून जाते. मुक्कामी दांडे सोडून गाडी सुरू केली आणि खाली न पाहता कोणी दहा मैल गेले, तर इंजिनाचे काय होईल हे सांगावयास नको. चालक पुढे पस्तीस-चाळीस फुटांवर बसलेला असतो. मागच्या कॅमेऱ्यात मोटार आहे एवढेच त्याला कळते.

उपाय अनेक आहेत. सर्वांत जवळचा म्हणजे मागील चाकांलगतचे रबरी मडफ्लॅप, आपल्या एस.टी.ला असतात तसे. दगड उगमाशीच अडविला जातो, हा त्यांचा मोठा गुण. दुसरा, मोटरहोमच्या मागील बंपरखाली संपूर्ण रुंदीचा रबरी पडदा. हा भक्कम दिसतो. परंतु तो जमिनीच्या फार जवळ आला तर खडबडीत रस्त्यावर घासतो, धूळही अधिक उडवतो. ज्या डिझेल मोटरहोममध्ये इंजिन व रेडिएटर मागच्या बाजूस असतात, तेथे हवेचा मार्ग कोंडणार नाही आणि धुरांड्याच्या उष्णतेने रबर जळणार नाही, हे पाहूनच तो बसवावा लागतो.

तिसरा प्रकार टो-बारवर किंवा मोटारीच्या तोंडापुढे बसविण्याच्या ढालीचा. कठीण प्लास्टिकची ढाल दगड खाली परतवते; क्वचित तो उसळून मोटरहोमच्या पाठीवरही बसतो. त्याऐवजी जाळीदार कापडाचा ताणलेला पडदा पुढच्या वाहनापासून मागच्या वाहनापर्यंत खालून धरला, तर तो दगडाचा जोर शोषून घेतो, हवाही जाऊ देतो. वळणावर दोन्ही वाहनांतील कोन बदलतो, म्हणून त्याचे पट्टे लवचिक असले पाहिजेत. ‘रोडमास्टर’ आणि ‘ब्लू ऑक्स’ ही या व्यवसायातील परिचित नावे. टो-बार त्यांचेच असले, तर ढाल बसविणे सोपे जाते.

मोटारीच्या तोंडावर घालावयाचे कापडी मुखवटेही मिळतात. मला ते तितकेसे पसंत नाहीत. कापडाखाली वाळूचे कण शिरले आणि वाऱ्याने ते फडफडत राहिले, तर दगडापासून वाचविलेला रंग घासून निघतो. पावसात ओल कोंडते ती वेगळीच. शिवाय जाळी झाकणारे आवरण न काढता मोटार स्वतःच्या इंजिनावर चालविली, तर ती तापणार. रंगावर चिकटविण्याची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म मात्र उत्तम. लहान खड्यांचे ओरखडे ती सोसते. काचेला आणि रेडिएटरला तिचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता विमा. समोरची काच दगडाने फुटणे हे तेथे सामान्यतः ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागात मोडते आणि त्यात आरंभीची ठरावीक रक्कम धारकानेच सोसावयाची असते. फ्लोरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत समोरच्या काचेपुरती ही रक्कम कायद्याने माफ आहे. अन्यत्र करारातील शब्द वाचावे लागतात. नाण्याएवढा टवका राळ भरून दुरुस्त होतो आणि अनेक कंपन्या तेवढा खर्च आनंदाने देतात, कारण टवक्याचा तडा झाला की पूर्ण काच बदलावी लागते. अलीकडच्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलल्यावर त्याची जुळणी नव्याने करावी लागते आणि देयक फुगते. रोख्यांच्या भाषेत सांगायचे, तर विमा हानीची भरपाई देतो, पण वेळेची देत नाही. युकॉनमध्ये काच फुटली, तर ती मिळेपर्यंतचे दिवस कोणती कंपनी भरून देणार?

अलास्का महामार्ग 1942 मध्ये युद्धकाळात घाईने बांधला गेला. आज तो डांबरी आहे. परंतु गोठण्या-वितळण्याने रस्ता फुगतो, खचतो आणि उन्हाळाभर दुरुस्तीच्या पट्ट्यांवर सुटी खडी पसरलेली असते. त्याहून उत्तरेचा डाल्टन महामार्ग 414 मैलांचा, बराचसा कच्चा, तेलवाहिनीसाठी बांधलेला. तेथे अवजड मालमोटारी समोरून येतात आणि त्यांनी उडविलेल्या दगडांपुढे मागच्या चाकांचे मडफ्लॅप काय करणार? जावयांना मी सुचविले की डाल्टनच्या वाटेला मोटरहोम नेऊच नये.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ताशी 60 मैलांऐवजी 35 मैलांनी गेल्यास ती सुमारे एक तृतीयांशावर येते. सुट्या खडीच्या पट्ट्यावर वेग कमी करण्याच्या पाट्या असतात. मागची मंडळी भोंगे वाजवतील, वाजवू द्यावेत.

हिशेब मांडून आम्ही असे ठरविले: चाकांमागे चांगले मडफ्लॅप, दोन वाहनांमध्ये जाळीदार पडदा, बॉनेटच्या पुढील भागावर फिल्म, मुखवटा नाही. आमच्या कन्येने त्यात एक भर घातली. प्रत्येक थांब्यावर ती स्वतः उतरून जोडचाकांची फट, पडद्याचे पट्टे आणि मोटारीखालची जमीन पाहणार आहे आणि दांडे सोडल्यावर रेडिएटरच्या टाकीतील पातळी पाहिल्याखेरीज जावयांच्या हाती किल्ली देणार नाही.