मित्राचे सूतक

आपल्याकडे सूतकाचा हिशेब चोख असतो. सपिंडांना दहा दिवस, विवाहित मुलीला तीन दिवस, अशी कोष्टके घरोघरी ठाऊक असतात. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या या हिशेबात मित्राला मात्र जागा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमचा एक मित्र मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या दहाव्याला आम्ही सहा जण कल्याणच्या खाडीकाठी नातेवाइकांच्या मागे, हातांत हेल्मेटे धरून उभे होतो. कावळा शिवेना. घरचे एकेक करून पुढे होऊन शब्द देत होते : मुलीचे शिक्षण करू, आईला सांभाळू. आम्हांलाही काही शब्द द्यावासा वाटत होता, पण तो अधिकार आपला आहे की नाही हे कळत नव्हते. कोणी पुढे झाले नाही. पुढे केव्हातरी कावळा शिवला आणि आम्ही तेथल्या टपरीवर चहा पिऊन पांगलो.

आमचा गट साधा आहे. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथे राहणारी, बहुतेक चाळिशी ओलांडलेली माणसे. आठवडाभर लोकलच्या गर्दीत चेंगरायचे आणि रविवारी पहाटे पाचला शहाडचा पूल ओलांडून मुरबाडच्या दिशेने निघायचे. मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि पुढे माळशेजचा घाट. परतताना दुपार. यात साहस कमी, सुटका अधिक. मी मराठी शिकवतो म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणत. तोही म्हणे, पण त्याच्या ‘सर’मध्ये थोडी टवाळी असे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो देखभालीच्या कामावर होता. कोणाच्याही गाडीची चेन सैल झालेली त्याला नुसत्या आवाजावरून कळायची.

तो गेल्यावर नाक्यावर फलक लागला. गॉगल लावलेला त्याचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. शोकसभेत सर्वांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हटले : जे आवडत होते ते करतानाच तो गेला. मीही बोललो. ‘अजातशत्रू’, ‘दिलदार’, ‘हसतमुख’ ही विशेषणे मीच पुरवली, कारण शब्द ही माझ्या खात्यातली गोष्ट, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आज मला त्या भाषणाची लाज वाटते. हा मजकूर त्या लाजेपोटीच लिहितो आहे.

आवडीचे काम करताना गेला, हे वाक्य माझ्या मते खोटे आहे. त्याला गाडी चालवणे आवडत होते, ओल्या रस्त्यावर टेम्पोखाली सापडणे आवडत नव्हते. हे वाक्य मृताविषयी काही सांगत नाही, मागे राहिलेल्यांना तेवढे मोकळे करते. मृत्यूला निवडीचा रंग दिला की कोणी काही विचारत नाही.

मित्राच्या मृत्यूविषयी बोलण्याचे मराठीतले नमुने मी नंतर शोधू लागलो. विलापिका म्हटले की आपल्याला गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ आठवते. तिथला शोक आईचा आहे. मृत्युलेख म्हटले की अत्र्यांचे ‘समाधीवरील अश्रू’ आठवते. तिथे शोक असला तरी गेलेला माणूस बहुधा जाहीर कर्तृत्वाचा असतो. ज्याचे नाव दोन उपनगरांपलीकडे कोणाला ठाऊक नाही अशा मित्रासाठी काय आहे? शोधता शोधता मी थेट नामदेवांपाशी पोहोचलो, आणि आधी तिथे का गेलो नाही याचे आश्चर्य वाटले. नामदेव गाथेत ज्ञानदेवांविषयीची ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ अशी प्रकरणे आहेत. त्यांतले सर्वच अभंग नामदेवांचे मानावेत की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद येथे बाजूला ठेवू. मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. ‘तीर्थावळी’त दोन मित्र बरोबर प्रवास करतात, त्यांतला एक तर पंढरपूर सोडायलाच नाखूश असतो. ‘समाधी’त त्यांतला दुसरा आळंदीस कायमचा निरोप घेतो. सोबतीने प्रवास आणि मग त्यातल्या एकाचे नसणे, या क्रमाने मित्रशोकाची रचना मराठीत इतकी जुनी आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘समाधी’ प्रकरण नुसते रडत नाही, कोणी काय केले ते सांगते. नामदेवांची मुले समाधीची जागा साफ करतात. कोण कोण जमले, कोणाचा धीर कसा सुटला, निवृत्तिनाथांनी शिळा कशी लावली, हे तपशिलाने येते. शके १२१८ मधल्या त्या घटनेचे वर्णन वाचताना शोक तपशिलातून झिरपतो, त्यासाठी विशेषणांची रास घालावी लागत नाही. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटणारा ठोमरे मात्र निसर्गकवीच्या पदकासह येत नाही, घरातल्या एखाद्या रुसक्या मुलासारखा वावरतो. म्हणून तो गेल्याचे आपल्याला लागते.

तर मग तपशील.

गटाने गाडी चालवताना सर्वांत पुढे एक जण असतो, त्याला आम्ही लीड म्हणतो. सर्वांत मागे असतो तो स्वीप. मागे पडलेल्याला सोबत करणे, कोणाची गाडी बंद पडली तर थांबणे, हे स्वीपचे काम. ते नेहमी तोच घेई. ‘सर, तुम्ही पुढे व्हा, मागचं मी बघतो,’ हे त्याचे ठरलेले वाक्य. या रचनेचा एक नियम बाहेरच्यांना ठाऊक नसतो. पुढचा ताशी साठने जात असेल, तर मागच्यांना साठ पुरत नाही. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर रांग ताणली जाते, आणि तुटलेले अंतर भरून काढण्यासाठी शेवटच्याला सत्तर-ऐंशी गाठावे लागते. म्हणजे स्वीपचा वेग लीड ठरवतो. त्या दिवशी लीडला मी होतो. ढग उतरले होते, घाटातून लवकर खाली यावे म्हणून मी वेग वाढवला होता. टोकावड्याला चहासाठी थांबून आम्ही गाड्या मोजल्या तेव्हा एक कमी भरली.

हे मी शोकसभेत बोललो नाही. पुढे गटात ठरले की दोष खड्ड्याचा. खड्डा होता, हे खरेच. या भागात राहणाऱ्याला खड्ड्यांविषयी नवे काही सांगायला नको. २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणात खड्ड्यांनी काही आठवड्यांत पाच बळी घेतल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला, ते योग्यच झाले. टेम्पो चुकीच्या बाजूने आला, हेही पंचनाम्यात आहे. पण खड्डा चुकवायला जो क्षण लागतो तो त्याच्यापाशी का उरला नाही, याचे उत्तर त्या खड्ड्यात सापडणार नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकींवर होती. एवढ्या मृत्यूंनंतरही आपण ‘नियतीचा घाला’ म्हणत राहतो. कधी कधी वाटते, त्या पंचनाम्यातल्या रुक्ष मराठीने आमच्या सगळ्या श्रद्धांजलींपेक्षा त्याची बूज अधिक राखली. निदान त्यात अंतरे मोजलेली होती.

येथे एक परदेशी उदाहरण आठवते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना आपल्या ब्रफ सुपीरियरवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर आख्यायिका रचणारे पुष्कळ निघाले. त्याच्या उपचारांत सहभागी असलेला ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद मात्र मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास करू लागला. १९४१ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यातल्या दुचाकीस्वारांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले. सामान्य नागरिकांसाठी तिथे सक्ती व्हायला १९७३ उजाडावे लागले, ती गोष्ट निराळी. केर्न्सच्या त्या निबंधाला कोणी विलापिका म्हणणार नाही. मी म्हणेन.

कोणी म्हणेल, हा अपराधगंड आहे आणि त्याला साहित्यविचाराचा आधार शोधणे चालले आहे. असेलही. परंतु विद्यार्थ्यांना करुणरस शिकवताना ज्या माणसाने स्वतःच्या मित्राच्या शोकसभेत ‘अजातशत्रू’ म्हणून वेळ मारून नेली, त्याला हा प्रश्न केवळ खाजगी ठेवता येत नाही. (शिवाय तो अजातशत्रू नव्हताच. पैशांच्या बाबतीत चिकट होता आणि उशिरा येणाऱ्याला सर्वांदेखत टोचून बोले.)

वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याच्या पत्नीने मला विचारले, ‘भाऊजी, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?’ स्वीपच्या मागे कोणी नसते. मी तसे सांगितले आणि मग लीडचे, वेगाचे, टोकावड्याच्या चहाचेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं.’ रागावल्या की नाही, मला कळले नाही. आतून मुलगी पाणी घेऊन आली.

या जुलैत गट पुन्हा निघाला. लीडला दुसरा होता आणि त्याने पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून कोणी हॉर्न वाजवला नाही. स्वीपची जागा मी मागून घेतली. आरशात सरळगावपर्यंत फक्त रस्ता दिसत होता.