जय भीम लिहिलेली काच कोण पुसतो?

14 एप्रिलची पहाट. रॅलीला निघायचे म्हणून आम्ही चौघे मित्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. गाडीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', डॅशबोर्डवर बुद्धमूर्ती, बॉनेटला बांधायचा निळा झेंडा हातात. ती काच पुसत होते आमच्या इमारतीतल्या गाड्या धुणारे काका. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी बादली खाली ठेवली आणि वॉचमनकडे प्यायला पाणी मागितले. वॉचमनने बागेच्या नळाकडे बोट दाखवले. लॉबीतल्या कुलरवर पाटीच आहे : घरकाम करणाऱ्यांनी व गाडी धुणाऱ्यांनी वापरू नये.

ती पाटी आम्ही रोज बघत होतो. वाचली मात्र त्या दिवशी.

गाडीला बोअरचे पाणी, गाडी धुणाऱ्यालाही बोअरचेच. फिल्टरचे पाणी फक्त फ्लॅटवाल्यांना. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तिथे गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसाला बंदी होती. आमच्याकडे माणसाला गाडीच्या पंगतीला बसवले आहे. आणि आम्ही, महाडची गाणी मोठ्या आवाजात लावणारे, त्या पाटीखाली बाटल्या भरत होतो.

काकांची जात आम्हाला माहीत नाही. विचारायची गरजही नाही. घाण काढणारा माणूस वेगळ्या नळावर जातो, वेगळ्या लिफ्टने चढतो, त्याचा कप वेगळा असतो. हे नियम कुठून आले, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवायला नको. 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे की जातिव्यवस्था ही केवळ कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे आणि तिच्यात एकावर एक पायऱ्या आहेत. प्रश्न एवढाच आहे की आज आपण त्यातल्या कोणत्या पायरीवर उभे आहोत?

आता हिशेब करू. काकांना आमच्याकडे एका गाडीचे महिन्याला पाचशे रुपये मिळतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर एका धुण्याला वीस रुपयेही पडत नाहीत. पहाटे पाच ते आठ या तीन तासांत 25 गाड्या, म्हणजे एका गाडीला सात मिनिटे. या सात मिनिटांत एकच बादली, एकच फडके. त्यात साहेब लोकांची तक्रार असतेच : गाडीवर ओरखडे आले, नीट पुसत नाही, पैसे कापा.

आम्हीही अशी तक्रार केली होती. म्हणून त्या रविवारी ठरवले की आपली गाडी आपणच धुऊन बघू. चौघांनी एक गाडी घेतली. दीड तास लागला. कंबर धरली, बोटे सुरकुतली. तेव्हा वीस रुपयांचा अर्थ कळला.

नीट धुवायचे म्हणजे काय, तेही कळले. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट थंड हवे, नाहीतर शाम्पू पत्र्यावरच वाळतो आणि डाग पडतात. चाकांची बादली व फडके वेगळे, कारण ब्रेकची काळी पूड आणि चिखल तिथेच असतो. मग साध्या पाण्याने धूळ उतरवायची. कोरड्या किंवा मळक्या फडक्याने धूळ पुसली की तिचे कण पत्र्यावर घासले जातात. उन्हात दिसणारे जाळीसारखे बारीक ओरखडे त्यातूनच येतात. नंतर दोन बादल्या : एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. आधी छत, मग काचा, बॉनेट, दारे, सर्वांत शेवटी खालचा भाग. भांड्यांचा साबण वापरायचा नाही, तो वॅक्सचा थर उतरवतो. धुतल्यावर लगेच कोरडी करायची, नाहीतर बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात. पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे. पॉलिशने रंगावरचा पारदर्शक थर थोडा घासला जातो, म्हणून ते क्वचितच करायचे. वॅक्स वर एक पातळ थर चढवते, ते दर दोन-तीन महिन्यांनी चालते.

आता सांगा, यातले सात मिनिटांत आणि एका बादलीत काय होणार? ओरखडे काकांच्या हाताने पडले नाहीत. ते आपल्या पाचशे रुपयांनी पडले.

पाण्याचेही बोलू. आम्ही नळीखाली 15 लिटरची बादली लावून पाहिली, दीड मिनिटात भरली. अर्धा तास नळी सोडली तर 300 लिटर गेले. दोन बादल्या आणि वरून एक-दोन तांबे ओतून तेच काम 40-50 लिटरमध्ये होते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करणाऱ्यांच्या वारसांनी पार्किंगमध्ये नळी मोकळी सोडू नये, एवढे तरी पाळू.

इथे काही मित्र विचारतील : बाबासाहेबांनी आपल्याला घाणीची कामे सोडायला सांगितली, तुम्ही पुन्हा बादली हातात द्यायला निघालात का? हा प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. बाबासाहेबांचा विरोध जन्माने लादलेल्या कामाला होता. दुसऱ्याची घाण काढणे हेच तुझे पुण्य, असे सांगणाऱ्या उपदेशाला होता. 1945 साली त्यांनी गांधींच्या या विचारावर कठोर टीका केली. आम्हीही सफाईचे गोडवे गात नाही. झाडू हातात धरून फोटो काढणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की आपली घाण ही आपली आहे. ती दुसऱ्याला काढायला सांगितली तर तो कामाचा करार आहे, त्याच्या नशिबाचा भाग नाही.

आणि करार नसेल तर काय होते, हे आपल्या आजोबांना विचारा. महार वतनात कामाची वेळ ठरलेली नव्हती, कामाची यादी नव्हती, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. म्हणूनच पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाच्या तासांवर मर्यादा आणणारे कायदे पुढे नेले. काकांना सुट्टी नाही, पगारवाढ नाही, आजारी पडले तर पैसे कापतात, दिवाळीला बक्षिसी मिळाली तर मिळाली. हे वतन नाही तर दुसरे काय आहे? फरक एवढाच की या वेळी वतनदाराला काम सांगणाऱ्यांत आपणही आहोत.

दुसरा युक्तिवाद नेहमीचा : आम्ही पैसे देतो म्हणून त्याचे पोट चालते. आपल्या आजोबांना गावचा पाटील हेच सांगायचा. उपकाराची भाषा आली की हक्काची भाषा संपते.

आम्ही काय केले, ते सांगतो. काकांचे काम काढून घेतले नाही. त्यांच्याशी बसून बोललो आणि दर त्यांना ठरवू दिला. रोज फडके फिरवण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुणे, दोन बादल्या आणि फडकी आमची, महिन्यातून चार भरपगारी सुट्ट्या, आजारपणात कपात नाही. रविवारी आमच्या गाड्या आम्हीच धुतो. आणि पाटीविरुद्ध कमिटीला लेखी अर्ज दिला. तीन सभा लागल्या. पहिल्या सभेत 'हायजिन'चा मुद्दा आला, दुसऱ्या सभेत 'सगळ्यांनाच मोकळीक दिली तर' हा मुद्दा आला. तिसऱ्या सभेत आम्ही विचारले की नियमाचे कारण लिहून द्या. लिहून द्यायला कोणी तयार झाले नाही. पाटी निघाली.

मोठी क्रांती झाली असे आम्ही म्हणत नाही. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकल्या-सवरलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपल्याला लागू पडते की नाही, हे तपासण्याची ही एक साधी जागा आहे. हप्त्यावर का होईना, आपल्या घरातली पहिली गाडी आपण घेतली. त्याचा अभिमान जरूर बाळगा. काचेवर 'जय भीम'ही जरूर लिहा.

पण येत्या रविवारी एकदा स्वतः बादली भरा, घड्याळ लावा आणि ती काच स्वतः पुसा. सोमवारी तुमच्या काकांना विचारा, त्यांना किती मिळतात आणि ते पाणी कुठे पितात.

जय भीम!