मुका मार अंगावर काढू नका

वरूडच्या संत्राबागेत तोडीला गेलेला माणूस शिडीवरून पडतो. रक्त दिसत नाही, म्हणून घरचे पोट चोळून, गोळी देऊन निजवतात. माता-भगिनींनो, आम्ही विनवतो, असे करू नका.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिचे रस रक्तदाब सांभाळतात. जोराच्या मुक्या माराने तिच्यात, बहुधा उजवीकडच्या ग्रंथीत, रक्त साकळते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते. एकीचीच इजा बहुधा आपोआप भरते; पण सोबत यकृत, बरगड्याही दुखावलेल्या असू शकतात. दोन्ही निकामी झाल्या तर रक्तदाब उतरून जीव धोक्यात येतो. वेळीच स्टेरॉइड मिळाले तर वाचतो.

चक्कर-उलटीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गाडी मोफत येते. दिवसाची मजुरी बुडेल, पण घरचा माणूस राहील.